खालच्या खणातला एक दिवस

दारांच्या त्या कारखान्यात वहिनींची खुर्ची बरोबर मधोमध होती. डाव्या हाताला गिऱ्हाइकांचा फोन, उजव्या हाताला करवतीच्या विभागाची खिडकी, आणि मध्ये वहिनी. कारखाना त्यांच्या धाकट्या दिराचा. दीर वहिनी म्हणायचा म्हणून मिस्त्री म्हणायला लागला, मिस्त्री म्हणतो म्हणून सगळे कामगार, आणि सगळेच म्हणतात म्हणून पुढे पुढे गिऱ्हाइकंसुद्धा. एकोणीस वर्षं प्रत्येक दार त्यांच्या हातून पुढे गेलं होतं. उंची, रुंदी, रंग, बाहेरून बघताना बिजागऱ्या डावीकडे की उजवीकडे, हे सगळं त्या गोल अक्षरात कागदावर उतरवायच्या, तारखेचा शिक्का मारायच्या आणि कागद टेबलाच्या खालच्या खणात टाकायच्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तो बाहेर काढून खिडकीतून करवतीकडे द्यायच्या.

मधला एक दिवस तो कागद खणात काय करत होता, हे वहिनींखेरीज कोणालाही माहीत नव्हतं. दिराने तर बाहेर मोठी पाटी लावली होती, 'ऑर्डर द्या, लगेच करवत सुरू'. वहिनी रोज सकाळी त्या पाटीखालून आत यायच्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावरची रेषही हलायची नाही.

दिराची मुलगी शिकून आली आणि कारखान्यात लक्ष घालू लागली, तिथून घोळ सुरू झाला. पहिल्याच आठवड्यात तिने कागदांचे गठ्ठे पाहून कपाळाला हात लावला आणि दोन कंपन्यांना बोलावणं धाडलं. एक वर्कफ्लो ऑटोमेशन विकणारी, दुसरी बिझनेस प्रोसेस मॅनेजमेंट विकणारी.

"काकू, तू दोन्ही नीट बघ," पुतणी म्हणाली, "आणि आपल्याला कोणतं बरं ते एका पानावर लिहून दे. इथलं काम तुझ्याइतकं कोणाला ठाऊक आहे?"

"आणि एकदा का ते सॉफ्टवेअर आलं," दीर प्रेमाने म्हणाला, "की वहिनींना आराम."

आराम म्हणजे दिवसभर घर, हे वहिनींना लगेच कळलं. घरी नवरा होता. तीन वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, सज्जन, निर्व्यसनी, आणि दिवसभर घरी. दूध किती मिनिटांत उतू जातं याची त्याने तक्त्यात नोंद केली होती आणि कांदा कसा चिरावा याबद्दल त्याची स्वतंत्र मतं होती. संध्याकाळचे दोन तास हा माणूस त्यांना मनापासून आवडायचा. अख्खा दिवस त्याच्याबरोबर काढायचा, ही कल्पनाच त्यांना पेलेना. म्हणजे आपल्याच पायावर कुऱ्हाड मारायची, आणि वर कोणती कुऱ्हाड बरी तेही आपणच लिहून द्यायचं.

पहिला विक्रेता पस्तिशीचा, बोलायला एकदम तयार. वहिनींनी मनातल्या मनात त्याचं नाव 'झटपट' ठेवलं. "एक काम झालं की पुढचं आपोआप," तो म्हणाला. "ऑर्डर टाइप झाली की पुढच्या मिनिटाला करवतीच्या पडद्यावर. दार कापलं की रंगवाल्याला निरोप. रंग झाला की गिऱ्हाइकाला निरोप. मध्ये कोणी लागतच नाही."

"कोणीच नाही?" वहिनींनी विचारलं.

"कोणीच नाही," झटपट आनंदाने म्हणाला.

दुसरा उंच, वाकलेला, चष्मा कपाळावर ठेवून विसरणारा. त्याच्याकडे पिवळ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा होता. "मी आधी काहीच विकत नाही," तो म्हणाला. "गिऱ्हाइकाच्या फोनपासून दार बसेपर्यंत काम कसं चालतं, ते मुळापासून बघतो. सगळा रस्ता भिंतीवर मांडतो. कुठे किती वेळ जातो, कोण कशासाठी थांबतं. मग तो रस्ता सुधारायचा, आणि पुढेही त्याच्यावर नजर ठेवायची."

ह्याचं नाव अर्थातच 'मुळापासून' पडलं. झटपट त्यांना घरी पाठवणार होता, आणि मुळापासून आधी खण उघडून मग घरी पाठवणार होता. फरक तेवढाच. वहिनींनी ठरवलं, दोघांनाही एकमेकांच्या अंगावर सोडायचं.

काड्या करण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. झटपटला चहा देता देता त्या म्हणाल्या, "ते चष्मेवाले म्हणत होते, तुमचं मशीन पळतं छान, पण कुठे पळायचं ते त्याला कळत नाही." तासाभराने मुळापासूनला चहा देता देता म्हणाल्या, "ते दुसरे म्हणत होते, तुमचं चित्र पूर्ण होईपर्यंत दारांना वाळवी लागेल." दोन्ही वाक्यं त्यांची स्वतःचीच होती. दुसऱ्या दिवसापासून दोघे विक्रेते एकमेकांशी फक्त मान हलवून बोलू लागले आणि वहिनींना बरं वाटलं.

पण मुळापासून चिवट निघाला. तीन दिवस तो वहिनींच्या टेबलाशेजारी स्टूल टाकून बसला. तिसऱ्या दिवशी त्याने एक कागद उलटसुलट करून पाहिला.

"शिक्का मंगळवारचा," तो म्हणाला. "करवतीच्या वहीत बुधवार. हे तर प्रत्येक कागदाचं आहे. मध्ये काय होतं?"

"मध्ये रात्र होते," वहिनी म्हणाल्या.

त्याने मान डोलावली आणि एक पिवळी चिठ्ठी लिहून भिंतीवर चिकटवली. 'वहिनींचं टेबल. वेळ: एक दिवस. काम: काहीही नाही.' पुतणी येऊन ती चिठ्ठी वाचून गेली. जाताना वहिनींच्या खांद्यावर हळूच हात ठेवून गेली, आणि त्या हाताच्या वजनावरून वहिनी काय ते समजल्या.

त्याच आठवड्यात झटपटची चाचणी सुरू झाली. आठ दिवस सगळ्या ऑर्डरी थेट संगणकातून. मिस्त्रीपुढे एक पडदा बसवला, त्यावर बोट टेकवून ऑर्डर स्वीकारायची. मिस्त्री तीस वर्षं लाकूड कापत होता, कानावर पेन्सिल ठेवून. भुशाने माखलेलं बोट पडदा ओळखेना, म्हणून तो तीन तीनदा टेकवायचा आणि पडद्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचा. पण दारं निघाली धडाधड. दिराने पाटी पुसून घेतली आणि तिच्याखाली उभं राहून फोटो काढला.

दुसऱ्या दिवसापासून सकाळचे फोन यायला लागले. वहिनी त्यांची वाटच बघत होत्या.

"काल दार सांगितलं ना," एक गिऱ्हाईक म्हणालं, "ते डावं नको, उजवं हवं. मी आत उभा आहे असं धरून सांगितलं. घरी बायको म्हणते, बाहेर उभं राहून बघा."

"बघते हं," वहिनी गोड आवाजात म्हणाल्या आणि फोन ठेवला. बघायचं काय, दार कापून बिजागऱ्यांच्या खाचाही पाडून झाल्या होत्या.

हाच तो खणातला एक दिवस. माणूस फोनवर दार सांगतो तेव्हा त्याच्यासमोर दार नसतं. मग तो घरी जातो, रिकाम्या चौकटीपुढे उभा राहतो, हवेत दार उघडून बघतो, आणि सकाळी लाजत लाजत फोन करतो. चारातला एक तरी. वहिनींना ही अक्कल स्वतःच्या घरामुळे आली होती. त्यांच्या हातून गेलेली पहिली ऑर्डर त्यांच्याच न्हाणीघराच्या दाराची. माप नवऱ्याने घेतलं, बाजू नवऱ्याने सांगितली, वहिनींनी उत्साहाने त्याच मिनिटाला करवतीकडे धाडलं. ते दार आजही उलट्या बाजूला उघडतं आणि जेवणाच्या टेबलाशी नवऱ्याच्या खुर्चीवर आपटतं. एकोणीस वर्षं तो म्हणतो, मी बरोबरच सांगितलं होतं. एकोणीस वर्षं त्या म्हणतात, सांगितलं तेच मी लिहिलं. दुसऱ्या ऑर्डरीपासून कागद खणात जाऊ लागले.

आता फोन आला की वहिनी "बघते हं" म्हणायच्या आणि मजेत चहा प्यायच्या. परत येऊ देत दारं. मग कळेल झटपटला.

दारं परत आली. एकाच दिवशी चार. दीर लालबुंद होऊन सगळ्यांना बैठकीच्या खोलीत घेऊन गेला. मुळापासूनची भिंत तिथेच होती, पिवळ्या चिठ्ठ्यांसकट. झटपटने संगणक उघडला. प्रत्येक ऑर्डरीपुढे हिरव्या खुणा. पोचली, स्वीकारली, कापली, पाठवली.

"सिस्टीममध्ये काही चूक नाही," झटपट म्हणाला.

"गिऱ्हाइकं म्हणतात, उजवं सांगितलं होतं. इथे दिसतंय डावं," दीर म्हणाला. "एकोणीस वर्षांत एक दार परत आलं नाही. मिस्त्री, त्या पडद्याला फक्त तुमचं बोट लागतं. तीन तीनदा टेकवता. तुमच्याच बोटाने डाव्याचं उजवं, उजव्याचं डावं झालंय."

मिस्त्रीने आपल्या बोटाकडे पाहिलं. तीस वर्षांत त्या बोटाला असं कोणी बोललं नव्हतं. त्याने कानावरची पेन्सिल काढली, टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "उद्यापासून मी येत नाही."

वहिनींना त्या पेन्सिलीकडे बघवेना. मिस्त्रीचा कान इतका उघडा त्यांनी कधी पाहिलाच नव्हता. आपल्याला स्वतःची लाज वाटते आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं. खुर्ची वाचवायला निघालो आणि दुसऱ्याचीच घालवून बसलो. तोंड उघडलं तर उद्यापासून कांदा कसा चिरावा ते ऐकायचं. न उघडलं तर ही पेन्सिल इथेच राहायची.

त्या उठल्या, आपल्या टेबलाकडे गेल्या आणि खालचा खण अख्खाच ओढून काढला. तो कमरेवर धरून आत आणला आणि मिस्त्रीच्या पेन्सिलीशेजारी ठेवला.

"मिस्त्रींची चूक नाही," त्या म्हणाल्या. "माझी आहे. गिऱ्हाइकांनी दुसऱ्या दिवशी फोन करून बाजू बदलली. मी ऐकून घेतलं आणि गप्प बसले. मला हे नवं सॉफ्टवेअर पडायला हवं होतं."

मग त्यांनी गेल्या महिन्याचे कागद पसरले. दर तीन-चार कागदांआड एकावर लाल पेन्सिलीची दुरुस्ती, आणि दुरुस्तीची तारीख नेमकी दुसऱ्या दिवसाची. खण कशासाठी होता, ते त्यांनी सांगितलं. न्हाणीघराचं मात्र सांगितलं नाही.

"म्हणजे एकोणीस वर्षं ऑर्डरी एक दिवस अडवून ठेवल्या?" दीर म्हणाला. "माझ्या पाटीखाली बसून?"

"पाटीखालीच, भावोजी."

मुळापासूनने कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, भिंतीवरची ती पिवळी चिठ्ठी काढली आणि खिशात टाकली. "मी बघितलं की वहिनी काही करत नाहीत," तो म्हणाला. "का करत नाहीत, ते विचारून शेवटपर्यंत गेलो नाही. तेच माझं काम होतं."

"अहो, पण एवढंच ना?" झटपटचा चेहरा उजळला. "ऑर्डर एक दिवस थांबवायची. आपोआप थांबेल. दोन मिनिटांचं काम आहे."

वहिनींना कळलं, खरंच होतं ते. काही न करणं हे यंत्रालाही येणार होतं. दीर हळूच म्हणाला, "मग वहिनींना आता..."

"थांबा," मुळापासून म्हणाला. "दर चारातला एक फोन करतो. उरलेल्या तिघांचं दार बरोबर असतं कशावरून?"

"परत येत नाहीत की," दीर म्हणाला.

"परत आलं नाही म्हणजे बरोबर होतं, असं कुठे आहे? लोक सवय करून घेतात."

वहिनींच्या डोळ्यांसमोर एक खुर्ची आली, दार आपटून आपटून पाठीला खळगा पडलेली. "करून घेतात," त्या म्हणाल्या. "आपणच फोन करून विचारायला हवं. प्रत्येकाला."

"ते काम यंत्राचं नाही," पुतणी म्हणाली. "लोकांना लाज न वाटू देता त्यांची चूक विचारायची म्हणजे..." ती वहिनींकडे बघत राहिली. मग सगळेच बघायला लागले. मिस्त्रीने पेन्सिल उचलून कानावर ठेवली.

वहिनींनी त्याच संध्याकाळी ते पान लिहून दिलं. 'एक सॉफ्टवेअर काम पळवतं. दुसरं ते काम का आहे ते विचारतं. आधी चष्मेवाल्यांकडून आपला सगळा रस्ता मांडून घ्यावा. मग ज्या वाटेवर पळायचं तेवढीच दुसऱ्यांकडून पळवून घ्यावी. आजवर दोघांना एकमेकांचे म्हणून जे निरोप मिळाले, ते माझे होते. माफी असावी.' पडद्यावर ऑर्डर आणि करवत यांच्यामध्ये एक चौकोन आला. त्याला नाव काय द्यायचं म्हणून झटपटने विचारलं, तेव्हा पुतणीने 'वहिनी' असं टाइप केलं. त्या चौकोनात वहिनींची खूण पडल्याशिवाय करवत सुरू होत नसे. बाहेरची पाटीही उतरली.

महिन्याभराने एक नवी ऑर्डर आली. न्हाणीघराचं दार, बिजागऱ्या उजवीकडे, गिऱ्हाईक म्हणून त्यांचाच नवरा. निवृत्त माणूस, खुर्चीवर दिवसभर बसून शेवटी कंटाळला असावा. वहिनी घरी एक अक्षर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारी नियमाप्रमाणे त्यांनी कारखान्यातून फोन लावला.

"दारांच्या कारखान्यातून बोलतेय. तुमची ऑर्डर आहे. बाजू सांगितलीत तेव्हा आत उभे होतात की बाहेर?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, दार उघडल्याचा, आणि ते आपटल्याचा.

"आत," नवरा म्हणाला. "त्या वेळीही आतच होतो. तू विचारलंच नव्हतंस."

वहिनींनी लाल पेन्सिल घेतली, 'उजवीकडे' खोडून 'डावीकडे' लिहिलं, आणि फोन न ठेवता तशाच बसून राहिल्या.