शमिकाला कुणी सांगितलं नाही

शमिका, संस्कृती आणि ईशा रत्नागिरीतल्या एकाच शाळेत शिकवायच्या. बारा वर्षांची मैत्री. यंदा मे महिन्यात तिघी आठ दिवस व्हिएतनामला गेल्या. बेत सगळा संस्कृतीचा. कुठे उतरायचं, काय बघायचं, काय खायचं, ते तिनेच ठरवलं होतं.

शमिकाने लग्न केलं नव्हतं. आई गेल्यापासून सहा वर्षं ती दर शनिवारी एसटीने पूर्णगडला बाबांकडे जायची. त्यांची औषधं लावून ठेवायची, आठवड्याचे कपडे धुवायची. धाकटा भाऊ निलेश आणि त्याची बायको तिथेच राहायची, पण बाबांना सगळं शमिकाच्याच हातचं लागायचं. या सहलीला मात्र तेच म्हणाले होते, जा, बघून ये.

दुसऱ्याच दिवशी होडीतून फोटो काढताना शमिकाचा फोन समुद्रात पडला. ती रडेल असं मैत्रिणींना वाटलं, तर ती हसत सुटली. बरं झालं म्हणाली, आता आठवडाभर मी कुणाला सापडणार नाही. संस्कृतीच्या फोनवरून तिने निलेशला तेवढं कळवलं आणि घर मनातून काढून टाकलं.

चौथ्या दिवशी दुपारी हनोईत तिघी एका जुन्या खानावळीत जेवायला बसल्या. वाढणाऱ्या मुलीने टेबलावरच शेगडी ठेवली, हळद लावलेले माशाचे तुकडे तव्यात टाकले आणि वर मूठभर शेपू. माशात शेपू! शमिकाने नाक मुरडलं, मग दोनदा मागून घेतला. तेवढ्यात संस्कृतीचा फोन वाजला. ती उठून फुटपाथवर गेली.

निलेश होता. बाबांना अर्धांगाचा झटका आला होता, रत्नागिरीत दवाखान्यात ठेवलं होतं. ताईला मिळेल त्या विमानाने निघायला सांगा, म्हणाला. संस्कृती म्हणाली, सांगते.

काचेतून तिला शमिका दिसत होती. हात भरलेले, तोंड भरलेलं, ईशाला काहीतरी सांगत होती. इतकी मोकळी ती बारा वर्षांत दिसली नव्हती. चार दिवसांचा तर प्रश्न, संस्कृतीने स्वतःशी म्हटलं, तिकडे डॉक्टर आहेत, ही जाऊन काय करणार? आत येऊन तिने टूरवाल्याचा फोन होता असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी निलेशने विचारलं तेव्हा लिहिलं, तिकीट मिळत नाहीये. ईशाला तिने सगळं सांगितलं, पण तिलाही गप्प बसायला लावलं.

सहाव्या दिवशी बाबा गेले; निलेशचा तोही निरोप संस्कृतीने दाबून ठेवला. त्या दिवशी तिघींनी अंड्याचा फेस घातलेली कॉफी प्यायली आणि रेशमाचे रुमाल घेतले.

मुंबईच्या विमानतळावर सामानाची वाट बघताना ईशाला राहवेना. तिने सगळं सांगून टाकलं. शमिकाने पट्ट्यावरून आपली बॅग उचलली. मग एकटीच गाडी करून पूर्णगडला गेली.

अग्नी देऊन दोन दिवस झाले होते. निलेशने तिच्याकडे पाहिलं नाही. ती सांगायला गेली तर म्हणाला, राहू दे आता. आनंदीबाई आत्या म्हणाल्या, "शेवटपर्यंत तुझ्याच नावाचा जप होता गो. दाराकडे बघत गेला."

तेराव्याला संस्कृती आली. पडवीत पानं मांडत होते. ती आत्यांना सगळ्यांदेखत म्हणाली, "आम्ही खूप प्रयत्न केला हो. तिकीटच मिळेना." आणि शमिकाकडे बघितलं, सांभाळून घे अशा नजरेने. शमिका मान हलवती तर सगळंच निभावलं असतं. शमिकाचंही; घरच्यांनी मग तिला दोष दिला नसता.

"तिकीट कुणी बघितलंच नाही," शमिका म्हणाली. "बाबा आजारी आहेत हे मला सांगितलंच नाही हिने. मी तिकडे मासे खात होते."

संस्कृतीचा चेहरा उतरला. तुझ्याच भल्यासाठी, एवढंच तिने पुटपुटलं.

निलेश भाताचं पातेलं घेऊन उभा होता. त्याने संस्कृतीकडे पाहिलंसुद्धा नाही. "हिचा फोन होता ना तुझ्याजवळ? सहा दिवसांत एकदा बाबांना करावासा वाटला नाही तुला?"

शमिकाला खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर तिला नव्हताच वाटला. निलेश पंगतीत भात वाढायला गेला.

संस्कृती न जेवताच निघाली. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा शमिकाने दुसरीकडे बदलीचा अर्ज दिला होता. शनिवारी ती आता कुठेच जात नाही.