आखूड पायाखालची बिलं

मित्रांनो, मी एक जुनी शिलाई मशीन आहे. 'जुनी' असं मी स्वतःला म्हटलेलं चालतं. दुसऱ्या कुणी म्हटलं की माझा दोरा तुटतो. नाशिक रोडला, जेल रोडवरच्या एका खोलीत खिडकीशी माझी जागा आहे. माझी मालकीण कुसाबाई. लग्न होऊन लासलगावकडून ती इथे आली, तेव्हा तिनं मला जुन्या बाजारातून आणलं. माझा एक पाय तेव्हापासूनच आखूड. पायडल मारलं की मी डुगडुगायचे.

कुसाबाईनं त्यावर नामी उपाय काढला. दुकानातून बिल आलं की घडी करायची आणि माझ्या आखूड पायाखाली सरकवायची. "पैसं दिलं, बिल मेलं," असं तिचं ठाम मत. कापड, बटणं, सुया, तेल, सगळ्यांची बिलं तिथंच गेली. तिचे यजमान खंडेराव म्हणायचे, "मशीन नाय, सावकारीण हाय ही. कागदं दाबून बसलीय!"

आम्ही दोघींनी झबल्यांपासून नऊवारीवरच्या चोळ्यांपर्यंत पुष्कळ शिवलं. गेल्या वर्षी तर जवळच्या शाळेनं गणवेशाचं काम दिलं. सकाळी मुलं रस्त्यानं निघाली की मी खिडकीतून माझी टीप ओळखायचे आणि मनातल्या मनात मिरवायचे.

शाळेचे पैसे खात्यात आले, पण थोडे कापून. तो इन्कम टॅक्स, असं कळल्यावर कुसाबाईनं हातातली कात्री खाली ठेवली. "येवढाली रक्कम माझ्या नावावर? उद्या दारात साहेबलोक येतील! औंदा गणवेशाचं काम घ्यायचंच नाय," असं म्हणून तिनं माझ्यावर चादर टाकली. मला फार वाईट वाटलं. रडलेही असते, पण मशीन रडली तर गंज चढतो.

रविवारी तिच्या बहिणीची मुलगी वेदिका आली. ती एका कर सल्लागाराकडे नोकरी करते. मावशीचं रडगाणं ऐकून ती हसायलाच लागली.

"मावशी, शाळेनं दिले ते सगळे तुझी कमाई थोडीच आहे? त्यातून कापड आणलंस, काजं करणाऱ्या बाईला दिलेस. ते वजा जाता जे उरतं, ते इतकं थोडं आहे की त्यावर तुला टॅक्स लागत नाही. रिटर्न भरू, कापलेले पैसे परत येतील. गेल्या वर्षीची बिलं कुठायत?"

खंडेरावांनी माझ्या पायाकडे बोट दाखवलं.

मग काय विचारता! खंडेरावांनी मला उचलून धरलं आणि वेदिका फरशीवर पालथी पडून उलथन्यानं बिलं सोडवू लागली. तेलकट झालेली, चपटी झालेली, पण तारखा शाबूत होत्या.

"यात पुतण्याच्या लग्नातली पैठणी बी बसव की," खंडेराव म्हणाले.

"नाही काका. कामासाठी केला तोच खर्च. पैठणी मावशी नेसली, शाळा नाही."

"आन् ही मशीन?" कुसाबाईनं विचारलं.

"तिची किंमत दरवर्षी घसाऱ्यानं कमी होते, मावशी. इतकी जुनी म्हटल्यावर कागदावर आता काहीच उरली नसेल."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण माझ्याआधी कुसाबाईच उसळली. "काय नाय उरली? दोन पोरींची शिक्षणं केली हिनं! तुला कागदावर काय लिहायचं ते लिही बाई." आणि तिनं पदरानं माझं चाक पुसलं. मित्रांनो, त्या दिवशी मी नवीकोरी झाले.

पुढे खरोखरच पैसे परत आले. कुसाबाईनं शेजारीपाजारी जिलबी वाटली, माझ्यावरची चादर काढली आणि शाळेला होकार कळवला. उरलेल्या पैशांतून तिनं मला मोटर बसवली. आता तिचे गुडघे दुखत नाहीत आणि मी वाऱ्यासारखी पळते.

मोटरवाल्यानं बिल दिलं, तशी सवयीनं त्याची घडी घालून ती माझ्या पायाशी वाकली. वाकली ती तशीच थांबली. मग हसत हसत उठली आणि बिल बिस्किटांच्या डब्यात ठेवलं. माझ्या पायाखाली आता खंडेरावांनी तासलेली सागवानी पाचर आहे. मी जरासुद्धा डुगडुगत नाही.

तेव्हा मित्रांनो, कष्टानं कमावता, तर त्या कष्टापायी झालेल्या खर्चाचीही कदर करा. आणि घरात माझ्यासारखी कुणी म्हातारी असेल, तर तिला वेळच्या वेळी तेल द्या. तेलाचं बिल मात्र मागून घ्या.