उभ्याने तोडलेली द्राक्षं

आल्प्सच्या उतारावरच्या आमच्या मॉर्जे गावात द्राक्षांचे मांडव गुडघ्याच्या जरासे वर असतात. तोडणी करायची तर गुडघे टेकून आत शिरायचं, नाहीतर पाठीवर पडून सरकायचं. मी एका टोकाने, माझी बायको सेराफीन दुसऱ्या टोकाने, आणि भेट मधोमध, घडांच्या खाली. आमचं पहिलं चुंबनही तिथलंच. तिच्या केसांत तेव्हा कोळी अडकला होता.

मग तिच्या दोन्ही गुडघ्यांत लोखंड बसलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चाला, फिरा, पण पुन्हा गुडघे टेकायचे नाहीत. त्या वर्षी तोडणीला सेराफीन पाव आणि कॉफी घेऊन बांधावर उभी राहिली. संध्याकाळी लाकडाच्या खोपीत जाऊन रडली. मला बघवलं नाही. पण मी तरी काय करणार होतो?

आमची सून ऑर्नेला समुद्रकाठची. तिच्या माहेरी वेली माणसाच्या उंचीच्या. एप्रिलमध्ये मी भावाच्या वरच्या गोठ्याचं छप्पर दुरुस्त करायला गेलो आणि परत येऊन बघतो, तर आमच्या सगळ्यात वरच्या ओळीचा मांडव माझ्या छातीला लागतोय! चेस्टनटचे नवे कोरे खांब, आणि शेजारी माझा मुलगा रेमी, चोरी पकडल्यासारखा.

"हे काय?" मी विचारलं.

"आईंसाठी आहे, बाबा," ऑर्नेला म्हणाली. "एकच ओळ. त्यांना उभ्याने तोडता येईल."

"आणि पिकणार कशी? तुझ्या माहेरच्या उन्हावर?"

माझं काही चुकत नव्हतं. दिवसभर इथले दगड तापतात आणि रात्री ती ऊब खालून घडांना लागते. हिमनदीवरून उतरणारा वारा मांडवाच्या डोक्यावरून निघून जातो. मांडव बुटका ठेवलाय तो कुणाची हौस म्हणून नाही.

"खाली घ्या तो," मी म्हणालो.

"डोळे फुगलेत वेलीचे." सेराफीन काठी टेकत मागून कधी आली, कळलंच नाही. "आता वाकवलास तर मोडतील. आणि एक जरी मोडलास ना, बाझील, तर स्वयंपाक तूच कर."

राहू दिला. उन्हाळाभर ती रोज चढ चढून त्या ओळीपाशी जायची. वाऱ्याने काड्या सुटल्या की मी शिव्या घालत बांधायचो. शिव्या सुनेला, गाठी बायकोसाठी.

सप्टेंबरात तोडणी झाली. सेराफीन वर ताठ उभी राहून कात्री चालवत होती, आणि मी खालच्या ओळीत गुडघ्यांवर. मला तिचे फक्त बूट दिसत होते. ती गुणगुणत होती. गेल्या वर्षीची खोप आठवली आणि मला खरंच बरं वाटलं. घड मात्र मी म्हटलं तसेच निघाले: बारके, हिरवे, दात आंबवणारे.

"कोंबड्यांना घाला," मी म्हणालो. "बाकीच्या मालात मिसळायचे नाहीत."

"नको मिसळूस," सेराफीन म्हणाली. "माझे वेगळे गाळ."

गाळले. एक मोठी काचेची बरणी भरली.

आमची वाईन मुळातच कडक असते. हिरवं सफरचंद, ओला दगड, आणि जिभेवर चटका. ज्यांना गोडवा हवा त्यांनी खाली मैदानात जावं. पण नाताळला ही बरणी उघडली, तेव्हा रेमीला ठसका लागला आणि ऑर्नेलाचे डोळे भरून आले. ते आंबटपणाने की आणखी कशाने, मी विचारलं नाही. सेराफीनने पेला सावकाश रिकामा केला.

"चांगली झालीये," ती म्हणाली.

"कसली चांगली! मी सांगितलं नव्हतं?"

"सांगितलं होतंस. तूच बरोबर होतास. घे अजून."

पुढे जो घरी येईल त्याला तीच. पाद्रीबाबांना, पोस्टमनला, जनावरांच्या डॉक्टरला. "मी उभी राहून तोडलेली आहे," असं म्हणून ती पेला पुढे करायची आणि पाहुणा पिऊन संपवेपर्यंत समोरून हलायची नाही. पाद्रीबाबा हल्ली दारातूनच आशीर्वाद देतात.

एप्रिल आला. ऑर्नेला पक्कड आणि बुटके खांब घेऊन वरच्या ओळीपाशी उभी. मी चढून गेलो.

"माझं चुकलं, बाबा. डोळे फुगायच्या आत खाली घेते."

"हात लावू नकोस," मी म्हणालो. "कडेचा खांब कललाय, तेवढा धर. मी ठोकतो."

"पण द्राक्षं?"

"द्राक्षं आंबटच होणार. धर नीट."

यंदाच्या तोडणीला खालच्या ओळी मी रेमीवर सोपवल्या. वरच्या ओळीत सेराफीन एका टोकाला, मी दुसऱ्या. उभ्याने तोडायची मला सवय नाही. खांदे भरून आले. मधोमध पोचलो तर ती समोर. मांडवाखाली आयुष्यभर एकमेकांना सावलीत बघितलेलं. इथे तोंडावर लख्ख ऊन.

"अगं बाई," ती म्हणाली, "केवढा म्हातारा झालास रे!"

"तू नाही झालीस वाटतं?"

तिने कात्री खिशात टाकली आणि माझ्या कानामागून काहीतरी झटकलं. कोळी होता.