चिरलेला कटोरा आणि एकोणीस थडगी

अहो, बोट नका लावू! कडेला धार आहे. मी बोलतोय, हा पायरीवरचा चिरलेला काचेचा कटोरा. आता माझ्यात पाइनची सुकी फळं पडली आहेत आणि त्यावर एका कोळ्याने बिनभाड्याचं घर मांडलंय. पण एके काळी माझ्याशिवाय आयोवातल्या या गावाचा हॅलोविन साजरा व्हायचा नाही. निदान मी तरी तसं धरून चाललो होतो.

माझा जन्म भट्टीतला. खाली एक जाड पाय, वर सरळ उभ्या भिंती. आतले थर बाहेरून दिसावेत म्हणून मला असं घडवलं. हीच माझी शान आणि हीच माझी कटकट. पातेल्यात काही बिनसलं तर वर झाकण ठेवता येतं. माझ्यात काहीच लपत नाही. भरणाऱ्याचा हात कसा आहे ते चार पावलांवरून कळतं.

मार्लिसच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. एकतीस वर्षं तिच्याकडे होतो. त्यातले अकरा महिने फ्रिजच्या वरच्या फडताळात, धूळ खात. ऑक्टोबर संपत आला की ती स्टुलावर चढायची, मला खाली काढायची आणि माझ्यात 'माती' करायची.

हो, माती. आमच्याकडे त्या पदार्थाचं नावच ते. काळी बिस्किटं कुटून त्यांचा भुगा करायचा, तो तळाला. त्यावर चॉकलेटचं पुडिंग, त्यावर क्रीम चीज आणि फेटलेली साय, पुन्हा भुगा, पुन्हा पुडिंग. सगळ्यात वर भुग्याची काळीभोर माती, तिच्यात लांबट बिस्किटांची थडगी रोवायची आणि जेलीच्या अळ्या अर्ध्या बाहेर, अर्ध्या आत खुपसायच्या. भट्टी नाही, भाजणं नाही. 'लहान मूलसुद्धा करील' असं सगळे म्हणतात. हे असं म्हणणारे लोक कधी समोर आले तर मला त्यांना दोन गोष्टी ऐकवायच्या आहेत.

माझ्या पायाखाली अजून एक कागदी चिकटपट्टी आहे. तिच्यावर 'मार्लिस' असं लिहिलंय. चर्चच्या जेवणाला तीसचाळीस भांडी एका टेबलावर येतात. कुणाचं कुठलं कसं कळणार? म्हणून इथे ज्याचं भांडं त्याच्या नावाची पट्टी तळाला लावतात. पट्टी असली की भांडं घरी परत येतं. एकतीस वर्षं मी परत येत राहिलो.

मग एका हिवाळ्यात मार्लिस बर्फावरून घसरली, खुबा मोडला, आणि ती गावाच्या दुसऱ्या टोकाला वृद्धाश्रमात राहायला गेली. मी आलो तिच्या सुनेकडे, केल्सीकडे. आणि गेलो कुठे? पुन्हा फ्रिजच्या वरच! माणसं घरं बदलतात, पण काचेची जागा काही बदलत नाहीत.

केल्सी जिवाला लावून घेणारी पोर. दूध उतू जाईल, बस चुकेल, पोरीला ताप भरेल, असं आधी मनात होऊन जायचं, मग खरं व्हायचं किंवा नाही. आणि सगळ्यात मोठी काळजी टिलीची. टिली तिची सहा वर्षांची मुलगी. घरात धबधबा, शाळेत दगड. ऑगस्टमध्ये शाळा सुरू झाली, ऑक्टोबर निम्मा सरला, तरी वर्गात तिने तोंड उघडलं नव्हतं. होक्स्ट्राबाई विचारायच्या आणि टिली बुटांकडे बघायची.

आणि एका सोमवारी ही पोर दप्तर फेकत घरात आली ती ओरडतच.

"आई! मी हात वर केला!"

"काय? कुठे?"

"वर्गात! बाईंनी विचारलं, पार्टीला खाऊ कोण आणणार. मी म्हटलं, माझी आई माती आणणार. आजीसारखी. सगळे माझ्याकडे बघत होते!"

केल्सीने तिला उचलून गरागरा फिरवलं. फडताळातून मला सगळं दिसत होतं. पोरीच्या खांद्यावरून केल्सीचा चेहराही दिसत होता. ती पांढरी पडली होती, कारण तिने जन्मात कधी माती केलेली नव्हती. तीन महिन्यांत लेक एकदा बोलली होती आणि ते बोलणं आता आईच्या हातात होतं. ते फसलं तर हात पुन्हा वर होणार नव्हता.

पार्टी गुरुवारी, तीस तारखेला होती. बुधवारी दुपारी तिने मला खाली काढलं, धुतलं, उजेडात धरलं. "आज फक्त साथ दे बाबा," म्हणाली. मी साथ द्यायला एका पायावर उभाच होतो. मला आहेच एक पाय.

पण कुणी विचारील तर ना! नवरा ब्रेट मक्याच्या कापणीत, पहाटेपासून यंत्रावर. तिने पुडिंगच्या भुकटीची चार खोकी आणली होती. दोन फोडली, थंड दूध ओतलं आणि घुसळायला लागली. पाच मिनिटांत घट्ट व्हायला हवं. पाच झाली, दहा झाली. "होईल, होईल," असं ती पुटपुटत होती. पंधरा मिनिटांनी तिने ते तसंच माझ्यात ओतलं. भुगा वर तरंगला, साय खाली गेली, आणि माझ्या भिंतींतून जे दिसत होतं ते बघवत नव्हतं. अंगणात पाऊस पडल्यावर होतो तसा चिखल! बाई गं, मी मनात ओरडत होतो, दुधात दोष नाही, हातात दोष नाही, ते खोकं वाच! मार्लिसचं खोकं मी एकतीस वर्षं पाहिलंय. पण कटोऱ्याचं ऐकतो कोण?

शेवटी तिने सासूला फोन लावला आणि तो ओट्यावर माझ्याशेजारी ठेवला.

"आई, हे घट्टच होत नाहीये हो. हात तुटायला आलाय."

"दूध थंड घेतलंस का?"

"बर्फासारखं."

"खोक्यावर काय लिहिलंय?"

"चॉकलेट पुडिंग."

"ते मलाही ठाऊक आहे गं. त्याच्या खाली?"

केल्सीने कचऱ्यातून खोकं काढलं, डोळ्यांजवळ नेलं आणि मनातल्या मनात वाचलं.

"वाच की मोठ्याने."

"...शिजवून करायचं."

"घ्या! खाल्लीस ना माती? अगं, झटपटवालं आणायचं असतं. हे आचेवर शिजल्याशिवाय जन्मात घट्ट व्हायचं नाही."

"पण खोकी अगदी सारखी दिसतात हो!"

"सारखी दिसतात म्हणूनच वाचायची असतात. बरं, रडू नको. उरलेली दोन आहेत ना? ती शिजव. आणि नीट ऐक, शिजल्यावर—"

"हो हो, करते. ठेवते आता. साडेतीनला टिलीची बस येते!"

आणि तिने फोन ठेवला. त्या 'शिजल्यावर'च्या पुढचं वाक्य म्हणजे माझं आयुष्य होतं हो. तिने ते अर्ध्यावर कापलं.

चिखल मोरीत गेला. मला खसाखसा धुतलं आणि बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. सासू नेहमी थंड भांड्यात भरायची, एवढंच हिला आठवत होतं. मी आत कुडकुडत होतो आणि बाहेर पुडिंग रटरटत होतं. तीन वीसला तिने मला बाहेर काढलं. तळाला भुगा पसरला, उकळतं पुडिंग डावाने घेतलं. नको! अगं, थंड होऊ दे! पहिला डाव पडला. दुसरा पडला.

टक्क!

फार मोठा आवाज नव्हता. ओठापासून चीर निघाली, पोटावरून खाली गेली आणि पायाच्या पट्टीपाशी येऊन थांबली. ओठाचा एक टवका पुडिंगात पडला. दुखलं का, असं विचाराल तर काचेला दुखत नाही. पण संताप येतो. एकतीस वर्षं एवढ्या हातांतून गेलो, आणि दहा मिनिटांच्या घाईने मला संपवलं.

केल्सी फरशीवर बसली. डाव हातातच होता. नेमकी तेव्हाच टिली दारातून आत आली.

"झाली माती?"

टिलीने मला पाहिलं, आईला पाहिलं. मला वाटलं, झालं, आता ही बुटांकडे बघणार.

"मला नाही गं जमत," केल्सी म्हणाली. "आजीला जमायचं. मी बाईंना फोन करून सांगते की..."

"नको सांगूस!" टिली एवढ्याने ओरडली की डाव खाली पडला. "मी हात वर केला होता!"

मग ती गुडघ्यांवर बसली आणि वाकून माझ्या पायाखाली बघायला लागली.

"हात लावू नको, काच आहे!"

"नाही लावत. आजीचं नाव फुटलं का ते बघतेय."

"नाही फुटलं. पट्टी आहे तशीच आहे."

टिलीने पट्टीवरचं नाव वाचलं. मग म्हणाली, "पट्टी कशाला असते?"

"ज्याचं भांडं त्याला मिळावं म्हणून."

पोर उठली. उन्हाळ्यात तिच्या वाढदिवसाला आणलेले प्लास्टिकचे पारदर्शक पेले खालच्या कपाटात होते, ते ओढून काढले. खणातून कागदी पट्टीचं रीळ आणि जाड पेन आणलं आणि आईच्या मांडीवर टाकलं.

"लिही. ओवेन."

"कोण ओवेन?"

"माझ्या पुढे बसतो. त्याच्यात अळी नको घालूस, त्याला अळ्यांची भीती वाटते, पण तो सांगत नाही. मग ब्रिन. तिला दोन अळ्या. मग डेसमंड. त्याचं थडगं मोठं कर, तो सगळ्यात उंच आहे."

केल्सी लिहीत गेली. एकेक करत एकोणीस नावं आली. स्वतःचं धरून एकोणीस, आणि विसावं होक्स्ट्राबाईंचं. कुणाची पेन्सिल नेहमी हरवते, कुणाला कुत्रा आहे, कोण जेवणाच्या सुट्टीत आईला आठवून रडतं. तोंड मिटून बसलेल्या त्या पोरीने तीन महिन्यांत अख्खा वर्ग वाचून काढला होता. आणि तिच्या आईने? तिने खोकंसुद्धा वाचलं नव्हतं! हे मी बोललो नाही. केल्सीच डोळे पुसत हसली आणि स्वतःलाच तसं म्हणाली.

माझ्यात पडलेलं सगळं फेकून दिलं. पातेल्यात उरलेलं पुडिंग आता गार होऊन छान घट्ट झालं होतं. एका कटोऱ्याला ते कमी पडलं असतं, वीस छोट्या पेल्यांना पुरलं. माझ्या डोळ्यांदेखत थर लागले. काळा, तपकिरी, पांढरा, काळा. एकही थर दुसऱ्यात मिसळला नाही. जळफळाट म्हणजे काय ते त्या दिवशी मला कळलं.

पार्टीला मला नेलं नाही. फुटक्याला कोण नेतो? जे ऐकलं ते त्याच दिवशी संध्याकाळी, केल्सी मार्लिसला सांगत होती तेव्हा. ब्रेटने आईला चाकाच्या खुर्चीतून घरी आणलं होतं. ती भिकाऱ्यांची रात्र होती. आमच्याकडे पोरं खाऊ मागत दारोदार फिरतात ती तीसच्याच संध्याकाळी, आणि एक विनोद सांगितल्याशिवाय कुणी गोळी देत नाही. मला पायरीवर मांडून माझ्यात गोळ्या भरल्या होत्या. ओलं काही माझ्यात टिकत नाही, कोरडं चालतं. नाव कटोरा, आणि नशिबात शेवटी भिकाऱ्यांचीच रात्र!

"पेल्यांवर पट्ट्या होत्या ना," केल्सी सांगत होती, "मग वाटणार कोण? टिलीच. ती एकेक पेला उचलायची आणि नाव घ्यायची. मोठ्याने. एकोणीसच्या एकोणीस. स्वतःचंसुद्धा! बाई मागे उभ्या राहून नाक शिंकरत होत्या."

मार्लिसने खुर्ची माझ्याजवळ घेतली. वाकून तिने माझ्या चिरेवर नख फिरवलं.

"शिजल्यावर थंड होऊ दे, असं मी सांगत होते."

"हो, आई."

"फोन कानाला लावला की कानही उघडा ठेवावा माणसाने."

"चुकलंच माझं. तुमचा कटोरा..."

"माझा कुठला? तुला दिला ना." मग म्हणाली, "पट्टी बदलली नाहीस अजून. म्हणून तू त्याला घाबरतेस."

तेवढ्यात फाटकातून पोरांचा घोळका आला. पांढऱ्या चादरीतलं एक भूत पुढे आलं आणि माझ्याकडे हात पसरून नुसतं उभं राहिलं. लहान होतं बिचारं, विनोद विसरलं होतं. सगळे थांबले. आदल्या वर्षी अशा प्रत्येक दारात टिली तशीच उभी राहिली होती.

टिली पायरीवरून उठली, भुताच्या शेजारी जाऊन उभी राहिली.

"मी सांगते त्याचा विनोद," ती म्हणाली. "भूत चोरून खाऊ का खात नाही?"

"का?" घोळका ओरडला.

टिलीने माझ्याकडे बोट दाखवलं.

"कारण त्याच्या पोटातलं सगळ्यांना दिसतं. या कटोऱ्यासारखं!"

सगळे हसले. मार्लिस इतकी हसली की खुब्याला हात लावून बसली. आणि मला, चिरलेल्याला, काय वाटलं म्हणून सांगू? एकतीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी माझ्यातून आरपार न बघता माझ्याकडे बघितलं होतं.

याला आता दोन वर्षं झाली. माती पेल्यांमध्येच होते, माझी गरज उरलेली नाही, आणि ते मला आजही पटत नाही. वर्षभर पाइनची फळं, एक संध्याकाळ गोळ्या, असा माझा संसार. चीर थोडी पुढे सरकली आहे. पट्टी तीच आहे, पण मार्लिसच्या खाली आता 'केल्सी' लिहिलंय, आणि त्याखाली टिलीने स्वतःच्या हाताने, उलट्यासुलट्या अक्षरांत, 'टिली'.

जाण्याआधी एकच मागणं आहे. मी कटोरा आहे, मागणार नाही तर काय करणार? खोकं आणा, पण खालची ओळ वाचा. आणि कुणी 'शिजल्यावर' म्हणालं, तर त्याचं वाक्य पुरं होईपर्यंत फोन ठेवू नका.