मी वाजलो आणि पाडा धावला

मी नांगराचा फाळ बोलतोय. हो, नांगराचाच, पण गेली बारा वर्षं शाळेत आहे, तेव्हा जरा मान देऊन ऐका!

काशीगावच्या मागे, डोंगराला लागून आमचा पाडा. पंधरा घरं, चहूबाजूंनी भातशेती. पाड्यातल्या राघोच्या बापाने मला लोहाराकडून घडवून आणलं. नांगरून नांगरून मी झिजलो, तोवर पाड्याने स्वतः विटा वाहून शाळा उभी केली होती. घंटा नव्हती, म्हणून मला दारातल्या आंब्याला टांगलं.

पाड्याचा नियम साधा. तीन टोले म्हणजे शाळा. न थांबता ठणठण म्हणजे बिबट्या! मग हाताला लागेल ते पोर उचलायचं आणि शाळेत पळायचं, कारण पक्क्या भिंती तेवढ्याच.

२००४च्या जुलैत गिरिजाबाई नव्याने आल्या, मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कहून. हा नियम त्यांना कुणी सांगितलाच नाही. आठवडा झाला नाही तोच तपासणीचे साहेब हजर! वर्गात मुलं तीन. बाकीची आईबापांबरोबर लावणीला.

"वीस मुलं दिसली नाहीत तर शाळा बंद," साहेब म्हणाले. "मुलांना पलीकडच्या शाळेत घालू."

"साहेब, मध्ये हायवे आहे! ही एवढीशी मुलं कशी ओलांडणार?"

साहेबांनी शेरा लिहायला पेन काढलं. बाई धावत बाहेर आल्या, दगड उचलला आणि मला बडवत सुटल्या. जोरात वाजवलं की मुलं लवकर येतील, असं बिचाऱ्यांना वाटलं. अहो बाई, थांबा! पण फाळाचं कोण ऐकतं?

आणि काय सांगू, सगळं शिवार धावत सुटलं! गुडघाभर चिखल, खांद्यांवर पोरं. हंसा म्हातारीने तर दोन नातवंडं दोन काखांत मारली होती.

"बाय, बिबट्या कुठं हाय?" बाईंनाही वर्गात ओढत राघोने काठी उगारली.

"बिबट्या?" म्हणत साहेब टेबलावर चढले.

बाई लालबुंद झाल्या. "बिबट्या नाही हो, साहेब आलेत. मुलं कमी भरली तर शाळा बंद करणार."

हंसाने आतून कडीच लावली. "मोजा. येक पन पोर हितून हलनार न्हाय."

साहेबांनी टेबलावरूनच मोजलं. चिखलाने एकही तोंड ओळखू येत नव्हतं, पण भरली तेवीस! शाळा वाचली. मला तर आनंदाने पुन्हा वाजावंसं वाटत होतं.

त्या माराने मला चीर गेली. आज पाच वर्षांनी माझा आवाज घोगरा झालाय. विजेची घंटा येणार म्हणतात, येऊ दे. मला खुशाल भंगारात घाला, पण शाळा राहू द्या. हायवेवरच्या गाड्या दुप्पट झाल्यात, आणि आमचा पहिलीतला बंटी अजून डावी चप्पल उजव्या पायात घालून येतो.