कोरा गोल

धुरपताबाईच्या सासरच्या घरात तीन पिढ्यांत सात माणसं पोट धरून मेली, आणि गावानं त्याचा निकाल केव्हाच लावून टाकला होता: बाई करणी करते. सासरा गेला, नवरा गेला, दीर गेला, थोरला मुलगा लहानू तर चौतिसाव्या वर्षी गेला. ही मात्र ठणठणीत. आणखी पुरावा तो काय पाहिजे? तिला विहिरीवर येऊ देत नसत. ती नाल्यावरून पाणी आणायची.

१९८३च्या उन्हाळ्यात डॉ. खुशाल मेश्राम आरमोरीच्या मुक्कामाहून सायकलनं तिच्या ओसरीवर येऊन बसला. भद्रावतीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतल्या कामगाराचा हा मुलगा नागपूरच्या एका इस्पितळात आनुवंशिक रोगांवर संशोधन करत होता. लहानू तिथंच मोठ्या आतड्याच्या कॅन्सरनं गेला होता. खुशाल बौद्ध, म्हणून गावात त्याला पाणी मिळायचं ते वरून, ओंजळीत. धुरपताबाईनं सरळ लोटा हातात दिला.

मग तो वंशावळ लिहायला बसला. वयं कुणालाच ठाऊक नव्हती. आजेसासरा कधी गेला? पाटलाचा बैल वाघानं नेला त्या साली. वाघानं बैल कधी नेला, यावर दोन म्हातारे हातघाईवर आले. महिनाभरानं तक्ता तयार झाला. पुरुषाला चौकोन, बाईला गोल, रोगानं गेलेल्याच्या आत काळी शाई. धुरपताबाईचा गोल कोरा होता. ती लग्न होऊन आलेली, त्या रक्ताशी तिचा संबंधच नाही. तिच्याखाली दुसरा कोरा गोल तिच्या मुलीचा, कमळाचा, एकोणीस वर्षांची. तो कोरा राहील की काळा होईल, याची शक्यता निम्मी निम्मी. रक्त तपासून ते कळायची सोय तेव्हा नव्हती. दरवर्षी दुर्बीण घालून आतडं पाहायचं आणि गाठ दिसताच कापायची, एवढंच हातात होतं. पोरगी त्यानं जगली असती. खुशालचा जीव त्या एका गोलात अडकला.

आणि मग त्यानं शहाणपणा केला. शाळेच्या भिंतीवर तक्ता टांगला, गाव गोळा केलं आणि समजावून सांगितलं की हा रोग रक्तातून येतो, बाई निर्दोष आहे. लोकांना पटलं. जरा जास्तच पटलं. चौथ्या दिवशी कमळाच्या होणाऱ्या सासऱ्यानं, बापूरावनं, सोयरीक मोडली.

"करणी असती त उतरवली असती, डॉक्टर," तो म्हणाला. "रगतातलं कसं उतरवता?"

दुसऱ्या दिवशी धुरपताबाई आरमोरीला चालत आली.

"डॉक्टर, तो कागद खोटा हाये म्हना."

"खोटा नाही, बाई. कमळाच्या जिवाचा प्रश्न आहे."

"करणी माह्यासंग मरते. रगत मरत नाई. तिचं लगन होऊ द्या, मंग मी तिले दरसाल तुमच्याकडं पाठवीन. पोरीची आन."

पंचांपुढं ती उभी राहिली आणि म्हणाली, सारं मीच केलं, पोरीत काही नाही. पंच खुशालकडं वळले. कागद खरा की बाई खरी? कमळा दाराशी उभी होती, आईकडं डोळे फाडून पाहत.

"माझी चूक झाली असेल," खुशाल म्हणाला.

मंत्र म्हणता येऊ नये म्हणून दोघांनी दगडानं धुरपताबाईचे पुढचे दात पाडले. खुशाल ओरडत राहिला. त्याला चौघांनी धरून ठेवलं. तिला शिवेबाहेर हाकललं. आलापल्लीकडं गेली म्हणतात, पुन्हा कुणाला दिसली नाही.

लग्न झालं. पण दरसाल पाठवणारीच गेली, हे खुशालच्या डोक्यात उशिरा शिरलं. तो दोनदा बापूरावच्या दारात गेला. "बाई गेली, रोग गेला," म्हणून त्यानं वाटेला लावलं. पत्रांना उत्तर आलं नाही. १९८८ साली तो तक्ता परदेशी मासिकात छापून आला आणि खुशालची पाठ थोपटली गेली. त्याला ते थोपटणं सहन झालं नाही.

पुढच्या वर्षी कमळाला इस्पितळात आणलं. पंचवीस वर्षांची, मागं तीन वर्षांची मुलगी. रोग यकृतापर्यंत गेला होता. आता कापण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"डॉक्टर भाऊ," तिनं विचारलं, "माही माय अजून जिती हाये काय?"

"का गं?"

"मायच करून राह्यली असन हे. बाप खाल्ला, भाऊ खाल्ला. मले सोडलं म्हने. नाई सोडलं."

या पोरीला आईचा असा तिरस्कार घेऊन मरू द्यायचं नाही, एवढंच खुशालला कळलं. त्यानं तक्ता आणून तिच्या चादरीवर पसरला.

"हा गोल तुझ्या आईचा. कोरा आहे, पाहा. तिनं काही केलं नाही. तुझं लग्न व्हावं म्हणून ती खोटं बोलली, कमळा. मीही."

कमळानं त्या गोलावर बोट ठेवलं. बराच वेळ ते उचललं नाही.

"तुमाले ठाऊक होतं," ती म्हणाली, "मंग तिचे दात काऊन पाडू देल्ले?"

ती पुन्हा विचारील म्हणून खुशाल बसून राहिला. तिनं पुन्हा विचारलं नाही.