फुंकरबाबांची भुकटी

फुंकरबाबांच्या दारातली रांग गल्लीच्या वळणापर्यंत गेली होती. कुणाची दाढ ठणकत होती, कुणाचा गुडघा. बाबा पुडीवर फुंकर मारायचे आणि डोळे मिटून गर्जायचे, "दुखणं मी गिळलं! तू फक्त पाणी गीळ!" जणू दुखणं म्हणजे घोटभर चहा. पण घरी पोचल्यावर दाढ खरंच गप्प व्हायची. म्हणून तर शिवणकाम करणारी ती आई रांगेत आली होती. तिच्या तरुण लेकीचे टॉन्सिल काढून आठवडाही झाला नव्हता. घसा इतका दुखायचा की पोरगी पाण्यालाही नको म्हणायची.

पुडी पोटात गेली आणि थोड्याच वेळात लेक बोलू लागली. आईचा ऊर भरून आला. मग पुड्या रोजच्याच झाल्या.

एका दुपारी लेक खोकली आणि बेसिन लाल झालं. रक्त थांबेना. आई टॉवेल धरून नुसती बघत राहिली. तिला दुसरं काही करताच येत नव्हतं.

दवाखान्यात लेकीला थेट ऑपरेशनला नेलं. बऱ्याच वेळाने डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "थांबलंय रक्त. खपली सुटायच्या दिवसांत असं होऊ शकतं. लहान पोरांपेक्षा मोठ्यांना धोका जास्त, जखमेत संसर्ग झाला तर आणखी. पण रक्त पातळ करणारं औषध देऊ नका म्हणून बजावलं होतं ना? काही दिलंत?"

"औषध नाही हो बाई. नुसती बाबांची भुकटी."

आईने पिशवीतून काढून दिलेली पुडी बाईंनी हुंगली. आंबूस वास आला. त्यांनी ती तपासायला पाठवली.

"राखेत ॲस्पिरिन कुटून घातलंय," निकाल आल्यावर त्या म्हणाल्या. "दुखणं थांबतं ते त्याने, फुंकरीने नव्हे. पण त्याने रक्तही लवकर गोठत नाही. रक्त केवळ यानेच आलं असं मी छातीठोक सांगणार नाही. धोका मात्र वाढला, हे नक्की."

आपल्याच हातांनी भरवलं होतं तिने.

लेक वाचली. आईने रांगेसमोर जाऊन सगळं सांगितलं. बाबा हसले. "रक्त नव्हे, बाधा बाहेर पडली!"

"पोरगी वाचली ना? मग बाबांचीच कृपा!" कुणीतरी म्हणालं.

डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली. चौकशी सुरू आहे. रांगही सुरूच आहे.

आई पुन्हा रांगेसमोर जाऊन उभी राहिली. "अहो, पाया पडायचं तर पडा! पण लेकरांच्या तोंडात घालण्याआधी पुडीत काय आहे, एवढं तरी विचारा!"

रांग एक पाऊल पुढे सरकली.